मालकाचा दस्त, खलाशाचा पगार

‘ओले जेकब’ हे नाव आपल्याकडे ज्यांनी ऐकले असेल, त्यांनी ते हेरकथेतच ऐकले असणार. कथा अशी : नोव्हेंबर १९४० मध्ये ‘अटलांटिस’ या जर्मन हल्लेखोर जहाजाने बंगालच्या उपसागरात हा नॉर्वेजियन टँकर पकडला. दुसऱ्याच दिवशी सुमात्राच्या पश्चिमेला त्याने ‘ऑटोमेडॉन’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज गाठले आणि त्यात ब्रिटिश युद्ध मंत्रिमंडळाचे गोपनीय कागद सापडले. ते ‘ओले जेकब’वर चढवून जपानला रवाना केले. डिसेंबरात टँकर कोबे बंदराला लागला, कागद टोकियोच्या जर्मन वकिलातीतून जपान्यांच्या हाती गेले आणि ‘म्हणून सिंगापूर पडले’. सांगणारा इथे थांबतो, ऐकणाराही मान डोलावतो.

मला हे ‘म्हणून’ मान्य नाही. कागद डिसेंबर १९४० मध्ये पोचले, सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ ला पडले. मधल्या चौदा महिन्यांत जपानने दक्षिण इंडोचायना घेतले, अमेरिकेने त्याचे तेल तोडले आणि तेलासाठी दक्षिणेकडे धाव घेण्यावाचून आपल्याला गत्यंतर नाही, असे तिथल्या लष्कराने ठरवले. ब्रिटन पूर्वेकडे आरमार पाठवण्याच्या स्थितीत नाही हे कागदांतून कळले असेल आणि त्याने जपान्यांचा हुरूपही वाढला असेल. ‘अटलांटिस’चा कप्तान बर्नहार्ड रोग्गे याला जपान्यांनी पुढे समुराई तलवार भेट दिली, म्हणजे त्यांना कागदांचे मोल होतेच. पण साम्राज्ये एका टपालाच्या पिशवीने पडत नसतात.

खरी हरकत वेगळी आहे. या कथेत टँकर नुसता टपालवाला होऊन बसतो. त्याच्या पोटात सुमारे दहा हजार टन विमानाचे पेट्रोल होते आणि ते सिंगापूरहून सुएझला चालले होते, हे कुणी सांगत नाही. ते पेट्रोल जपानला गेले आणि बदल्यात जर्मनांनी आपल्या जहाजांसाठी डिझेल घेतले. त्या वर्षी तेलाला काय भाव होता ते या अदलाबदलीवरून कळते. आणि त्या पेट्रोलवर बसून दर्या ओलांडणारी माणसे तर कथेत मुळीच नाहीत. मुंबईच्या गोदीतल्या १४ एप्रिल १९४४ च्या स्फोटाचेही आपण असेच करतो. ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावरच्या सोन्याच्या विटांची गोष्ट चवीने सांगतो आणि कापूस व दारूगोळा एकाच जहाजात का भरला होता, हा प्रश्न तसाच राहतो.

आता टँकरच्या मालकीकडे येऊ, कारण वाद तिथे आहे. ‘ओले जेकब’ १९३९ मध्ये स्वीडनमधल्या गोटेनबर्गला बांधला गेला. मालक कंपनी दक्षिण नॉर्वेतल्या लिलेसांड या छोट्या बंदराची. ९ एप्रिल १९४० ला जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला आणि जगभर पसरलेली नॉर्वेची सुमारे हजार जहाजे एका रात्रीत पोरकी झाली. जर्मनांच्या ताब्यातल्या ऑस्लो रेडिओवरून हुकूम सुटला की जर्मन, इटालियन किंवा तटस्थ बंदरे गाठा. कप्तानांनी जवळपास एकमुखाने तो धुडकावला. नॉर्वेच्या परागंदा सरकारने ही सारी जहाजे ताब्यात घेऊन लंडनमधून कारभार चालवला. त्या संस्थेचे नाव नोर्ट्राशिप. त्या काळी जगात तिच्याएवढी मोठी जहाज कंपनी दुसरी नव्हती. जगातल्या टँकरांपैकी साधारण पाचवा हिस्सा नॉर्वेचा होता आणि ब्रिटनच्या तेलाचा मोठा वाटा त्यांतून येत होता. ‘ओले जेकब’ मात्र काही महिन्यांतच जर्मन आरमाराच्या हाती पडला, त्यांच्या जहाजांना इंधन पुरवत फिरला, जुलै १९४१ मध्ये फ्रान्समधल्या बोर्डोला पोचला आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला स्पेनच्या उत्तर किनाऱ्याजवळ ब्रिटिश विमानांनी तो बुडवला. तीन वर्षांहून कमी आयुष्यात खाजगी कंपनी, परागंदा सरकार, शत्रूचे आरमार आणि शेवटी समुद्राचा तळ, इतके हात त्याने पाहिले.

इथे पूर्वपक्ष उभा राहतो आणि तो कच्चा नाही. तो म्हणतो : युद्धात मालकी ही औपचारिक बाब उरते. सरकारने जहाज घेतले, मालकाने दिले, खलाशाने चालवले, सगळ्यांनीच देशासाठी सोसले. मग कुणी किती दिले, कुणाला किती मिळाले, याचे जमाखर्च उकरून काढणे कोतेपणाचे आहे.

जमाखर्च उकरूनच पाहू. मालकाची मालकी सरकारने काढून घेतलीच नव्हती, घेतला होता फक्त वापर. त्यामुळे जहाज बुडाले तरी मालकाचे नाव दस्तात राहिले, विम्याचा आणि भरपाईचा हिशेब राहिला. टनेज, मार्ग, भाडे यांची नोंद अशी चोख की आज ऐंशी वर्षांनीही कुठला टँकर कुठल्या तारखेला कुठे होता ते सांगता येते. याबद्दल तक्रार नाही. हिशेब असाच ठेवावा. प्रश्न इतकाच की खलाशाचा हिशेब असा का ठेवला गेला नाही?

नॉर्वेच्या खलाशांना धोक्याचा भत्ता ब्रिटिश खलाशांपेक्षा जास्त मिळत असे. ब्रिटिशांना धास्ती की आपली माणसेही तेवढाच मागतील. तडजोड झाली : भत्ता ब्रिटिशांच्या पातळीला आणायचा आणि उरलेला फरक एका निधीत जमा करायचा. हा निधी युद्ध संपेपर्यंत खलाशांपासून लपवून ठेवला होता. इतिहासात तो ‘नोर्ट्राशिपचा गुप्त निधी’ म्हणूनच ओळखला जातो. युद्धाअखेर त्यात चार कोटी क्रोनरहून अधिक रक्कम होती. खलाशी म्हणाले, हा आमचा राखून ठेवलेला पगार आहे, ज्याचा त्याला द्या. सरकार म्हणाले, गरजूंना आणि विधवांना मदत म्हणून देऊ. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५४ मध्ये खलाशी हरले.

सरकारची बाजू ऐकायला किती सोज्वळ! विधवांना मदत नको असे कोण म्हणेल? पण मेख तिथेच आहे. पगार हा हक्क असतो, मदत ही मेहेरबानी. आपल्याच पैशासाठी आपली गरिबी सिद्ध करत रांगेत उभे राहायला लावायचे आणि त्याला कल्याणकारी धोरण म्हणायचे, ही युक्ती नॉर्वेचीच नव्हे, ती सगळीकडे चालते.

धोका म्हणजे नेमके काय, तेही पाहून घ्यावे. भरलेला टँकर पाण्यात इतका खोल बसतो की खवळलेल्या समुद्रात लाटा त्याच्या डेकवरून आरपार जातात. पुढच्या भागातून मागे जायचे तर डेकच्या वर उचलून बांधलेल्या अरुंद लोखंडी पुलावरून, कठडा धरत. विडी ठरलेल्या जागीच ओढायची. पाणतीर लागला तर पोहणाऱ्याचेही खरे नाही, कारण पेट्रोल पाण्यावर पसरून पेटते. आणि रिकामा टँकर सुरक्षित असे वाटत असेल तर तोही भ्रम आहे. टाक्यांत उरलेली वाफ भरल्या पेट्रोलइतकीच, कधी त्याहून जास्त घातक असते. नॉर्वेचे तीन हजारांहून अधिक खलाशी युद्धात गेले.

शेवटी १९७२ मध्ये नॉर्वेच्या संसदेने युद्धात समुद्रावर काढलेल्या प्रत्येक महिन्यामागे १८० क्रोनर द्यायचे ठरवले. कायद्याने देणे लागते म्हणून नव्हे, सन्मान म्हणून. तोवर सत्तावीस वर्षे उलटली होती आणि कित्येक जण दारूत, आजारात, एकटेपणात संपले होते. तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वाटप महिन्यांच्या हिशेबाने झाले, याचा अर्थ कोण किती महिने समुद्रावर होता याच्या नोंदी कुठेतरी होत्या. ठेवायच्या म्हटल्या तर नोंदी ठेवता येतात.

आपल्याकडे दुसरा पूर्वपक्ष ऐकू येतो : हे नॉर्वेवाल्यांचे दुखणे, आपले खलाशी तर साहेबाच्या युद्धात पोटासाठी गेले होते, त्यांचा कसला सन्मान आणि कसला हिशेब?

या ‘आपल्या’ खलाशांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावांतले लोक होते. सारंग आणि टंडेल या मुकादमांच्या हाताखाली डेकवर राबणारे. गोव्याचे लोक जहाजाच्या स्वयंपाकघरात आणि जेवणघरात होते. मुंबईत धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोल्यांत, ते पुढच्या जहाजाची वाट पाहत राहत. ब्रिटिश जहाजांवर त्यांचा पगार गोऱ्या खलाशाच्या साधारण पाव ते पाचवा हिस्सा होता. समुद्र सगळ्यांना सारखा, पाणतीर सगळ्यांना सारखा, पगार मात्र कातडीप्रमाणे. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच या माणसांनी लंडनसह कित्येक बंदरांत संप केले. शेकडो जण तुरुंगात गेले, पण पगार थोडाफार वाढवून घेतला. जे लोक ऐन युद्धात, परक्या देशात, पगारासाठी तुरुंगात जायला तयार झाले, त्यांना ‘साहेबाचे चाकर’ म्हणून निकालात काढणारा देशभक्त माझ्या पचनी पडत नाही. पोटासाठी गेले हे खरेच. म्हणून तर त्यांचा हिशेब आधी पगाराचा आणि मग हार-तुऱ्यांचा.

त्या युद्धात सुमारे ६,६०० भारतीय खलाशी मेले, असा आकडा सर्वसाधारणपणे दिला जातो. लंडनच्या टॉवर हिलवर व्यापारी नौदलाच्या बुडालेल्यांचे भव्य स्मारक आहे, नावे ब्राँझच्या पाट्यांवर कोरलेली. आपल्या लोकांची नावे तिथे नाहीत; ती मुंबई आणि चितगाव इथल्या स्मारकांच्या नोंदवहीत आहेत. नोंदवही आहे, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पण तिच्यात कुणी डोकावते का? कोकणातल्या किती शाळांना आपल्या गावचे त्यातले नाव ठाऊक आहे?

मी हे कल्याणजवळच्या मोहन्यातून लिहितो आहे, आणि हा विषय इथून लांबचा आहे असे ज्यांना वाटते त्यांच्याशी माझा तिसरा वाद आहे. इथे एनआरसीचा, म्हणजे नॅशनल रेयॉनचा कारखाना होता. आंबिवली स्टेशनात उतरणाऱ्या गर्दीपासून कॉलनी, शाळा, बाजार, सगळे त्याच्या भोंग्यावर चाले. २००९ मध्ये कारखाना बंद पडला. पुढे दिवाळखोरी कायद्याखाली प्रकरण न्यायाधिकरणात गेले, मालमत्ता दुसऱ्या हातात गेली. जमीन, यंत्रे, कर्जे, सगळ्यांचे दस्त तयार झाले. हजारो कामगारांच्या देण्याचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षे सभा, मोर्चे आणि तारखांमध्ये फिरत राहिला. ओळखपत्र, पगाराच्या पावत्या, भविष्यनिर्वाह निधीचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तारखेला जाणारी माणसे या भागात कुणी पाहिली नाहीत?

‘युद्ध वेगळे, कारखाना वेगळा’ असे कुणी म्हणेल. वेगळेच आहेत. मोहन्यात पाणतीर आले नाहीत आणि कामगार म्हणजे युद्धातले खलाशी नव्हेत. ओढूनताणून साम्य दाखवण्याची मला हौस नाही. सारखी आहे ती एकच गोष्ट : मालमत्ता एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा तिच्यासोबत कर्ज जाते, गहाण जाते, भाडेकरार जातो, आणि ज्याने घाम गाळला त्याचे येणे मात्र ‘नंतर पाहू’ या खात्यात पडते. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत कलम ५३ आहे. कंपनी अवसायनात काढली तर कामगारांचे आधीच्या चोवीस महिन्यांचे देणे तारण घेतलेल्या कर्जदात्यांच्या बरोबरीने फेडायचे, असे ते सांगते. म्हणजे तत्त्व कायद्याने मान्य केलेले आहे. पण चोवीस महिन्यांपलीकडच्या येण्याचा क्रम खाली घसरतो, आणि कारखाना बंद पडून अवसायनाचा आदेश निघेपर्यंत वर्षे लोटली तर ते चोवीस महिने कुठून मोजायचे, यावरच वकील झुंजत बसतात.

माझे मंडन यावरून निघते आणि ते साधे आहे. मालमत्तेची मालकी बदलण्याआधी तिच्यावर राबलेल्या प्रत्येकाचे येणे नावनिशीवार, रकमेसह जाहीर झाले पाहिजे आणि हस्तांतराच्या दस्ताला ती यादी जोडलेली असली पाहिजे. गुप्त निधी नको, गरजूंची छाननी नको. जहाज जप्त करताना त्याचे टनेज लिहितात, कारखाना घेताना एकरात जमीन लिहितात. मग कामगाराचे वर्ष न् वर्ष लिहायला शाई कमी पडते असे कुणी मला सांगू नये. याने उद्योग बुडतील, गुंतवणूकदार पळतील, हा आक्षेप नेहमीचा आहे. उलट, देणे आधी उघड झाले की घेणारा किंमत त्या हिशेबाने लावतो. नंतर निघणारे दावे आणि मोर्चेच व्यवहार अडवतात. नॉर्वेच्या खलाशांना पैसे मिळायला १९७२ उजाडले.

तेव्हा दोन विनंत्या. या भागातल्या कामगार संघटनांनी आपल्या सभासदांच्या सेवेची वर्षे, शेवटचा पगार आणि उरलेले येणे यांची यादी छापून काढावी. पुढाऱ्यांच्या भाषणापेक्षा ती न्यायाधिकरणात जास्त कामाला येईल. आणि ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबा बोटीवर होते, त्यांनी जुनी डिस्चार्ज बुके, म्हणजे बोटीवरच्या नोकरीच्या नोंदींची पुस्तके, रद्दीत देऊ नयेत. खलाशांच्या नावांची मुंबईतली नोंद मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. आंबिवलीहून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, मशीदला फास्ट लोकल थांबत नाही. भायखळ्याला उतरून स्लो गाडी घ्यावी लागते.