अवर्षणाच्या माथी मारलेले मरण

'दुष्काळाने झाडे वाळली' असे एकदा म्हटले की बेळगाव-निपाणीकडे पुढची चौकशी थांबते. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, हे आम्हांस मान्य. परंतु वेणुग्रामाच्या जुन्या वृक्षांनी १९७२ चे अवर्षणही पाहिले होते. तेव्हा त्यांच्या बुंध्याशी माती होती. २०१६ साली बेळगाव 'स्मार्ट सिटी'च्या पहिल्या यादीत आले, आणि काँक्रीट थेट खोडाला भिडले. गटारांचे चर खणताना मुळे तुटली. उरली ती सिमेंटखाली हवापाण्यावाचून घुसमटली. २०१९ च्या ऑगस्टात वेदगंगेच्या पुराने यमगर्णीपाशी महामार्ग बंद पडला. पण पाणी मुरण्यास जागाच नसेल, तर महापूर तरी झाडाच्या काय कामाचा? खोडाभोवती एक मीटर जागा मोकळी करा, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीत बजावले. दिल्ली आपल्याला फार दूर पडत असावी! सीमाप्रश्नासाठी १९५६ पासून झगडणाऱ्या आपल्या घराण्यांना दारातल्या कडुलिंबाभोवतीचे सिमेंट फोडण्यास कोणत्या निवाड्याची वाट पाहावयाची आहे? पावसाळ्यापूर्वी प्रत्येक गल्लीने महापालिकेकडे, निपाणीकरांनी नगरपालिकेकडे, तसा लेखी अर्ज द्यावा. आणि त्याची पोच घेण्यास विसरू नये.