नेम, नळी आणि दुर्बीण

फर्ड्या वक्त्याला आपण 'मुलुखमैदान तोफ' म्हणतों. परंतु ती तोफ १५४९ सालीं आमच्या अहमदनगरांतच ओतली गेली आणि पुढें विजापूरच्या बुरुजावर जाऊन बसली, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. तिचा लौकिक आकाराचा आणि आवाजाचा. सूक्ष्म नेमाचा नव्हे. त्याच नगरांत, म्हणजे शासनदरबारीं आतां अहिल्यानगरांत, रणगाडादलाची शिक्षणसंस्था आहे, आणि तेथें आवाजापेक्षां नेमाला मान आहे.

हा विषय काढण्याचें कारण असें. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनीं २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफलीचें कांस्यपदक मिळविलें, तेव्हांपासून आपल्या घरांतील मुलेंमुलीही नेमबाजीचा हट्ट धरूं लागलीं आहेत. हट्ट उत्तम आहे. परंतु वडील मंडळींचा पहिला प्रश्न असतो, 'दुर्बीण कोणती घ्यावी?' त्यांस आम्ही एवढेंच सांगतों कीं, ज्या प्रकारांत हें पदक मिळालें, त्यांत रायफलीवर दुर्बीण लावण्यास परवानगीच नाहीं. बारीक छिद्रांतून पाहून नेम धरावा लागतो.

दुर्बिणीचें काम मर्यादित आहे. ती लक्ष्य मोठें दाखविते, आणि तिच्या पोटांत उभ्याआडव्या रेषांची जी फुली असते, ती लक्ष्यावर टेंकवितां येते. सतराव्या शतकांत विल्यम गॅस्कॉइन या इंग्रज ज्योतिर्विदाच्या दुर्बिणींत कोळ्यानें धागा विणला आणि त्यावरून त्यास या फुलीची युक्ति सुचली, अशी हकीकत सांगतात. आपल्या भाषेंत ग्रह न्याहाळणें आणि लक्ष्य भेदणें या दोहोंस 'वेध' हा एकच शब्द आहे. 'व्यध्' या धातूपासून तो निघाला.

परंतु फुली जेथें, गोळी तेथें, असा नियम नाहीं. दुर्बीण नळीच्या चार-पांच सेंटिमीटर वर बसते. दृष्टि सरळ जाते. गोळी मात्र पृथ्वीच्या ओढीनें खालीं झुकते. म्हणून ठराविक अंतरावर या दोन मार्गांची गांठ घालावी लागते. यालाच नेमबाज 'झिरो करणें' म्हणतात. त्याची रीत अशी : बंदूक रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढावा, ती टेंकूवर स्थिर ठेवावी, नळींतून पंचवीस मीटरवरील लक्ष्य पाहावें, आणि बंदूक न हलवितां फुली त्याच बिंदूवर आणावी. नंतर अधिकृत रेंजवर, जाणत्याच्या देखरेखीखालीं, एकाच बिंदूवर तीन ते पांच गोळ्या झाडाव्या, छिद्रांच्या पुंजक्याचा मध्य काढावा, आणि मध्य व लक्ष्य यांतील अंतर दुर्बिणीच्या फिरकीनें भरून काढावें. पुष्कळ दुर्बिणींत फिरकीचा एक 'क्लिक' म्हणजे अंशाचा २४० वा भाग. १०० मीटरवर तो सुमारें ७ मिलिमीटर भरतो. त्या अंतरावर पुंजका ७ सेंटिमीटर डावीकडे पडला, तर १० क्लिक उजवीकडे.

येथें एक पथ्य आहे. एका गोळीवरून फिरकीला हात लावूं नये. ती गोळी श्वासानें चुकली, घाईनें चुकली, कीं वाऱ्यानें, हें एकीवरून कळत नाहीं. पुंजका घट्ट असून बाजूस पडला, तर दुर्बीण जुळवावी. पुंजकाच जमला नाहीं, तर दोष बहुधा हाताचा किंवा सैल स्क्रूचा. तेथें फिरकी फिरविणें व्यर्थ.

निगेविषयीं थोडकें सांगतों. आमच्या नगरकडे धूळ फार. कांचेवरील धूळ आधीं फुंकणीनें उडवावी, मऊ कुंचल्यानें झाडावी, आणि मगच कांचेच्या खास फडक्यानें पुसावें. उपरण्याच्या टोकानें पुसणारा कांचेवर ओरखडे काढतो. पावसाळ्यांत कोंकणासारख्या दमट मुलुखांत बुरशी धरते. तेथें ओल शोषणारी पुडी जवळ ठेवावी. दुर्बीण उघडूं नये, कारण आंत वाफ धरूं नये म्हणून बहुधा नायट्रोजन वायु भरलेला असतो. ती पडली, काढून पुन्हा बसविली, किंवा काडतुसें बदललीं, तर गांठ पुन्हा तपासावी.

रणगाड्याच्या तोफेची गांठही जुन्या रीतीनें अशीच घालतात. तोंडावर दोन दोऱ्यांची फुली ताणावयाची, मागील छिद्रांतून पाहून ती दूरच्या खुणेवर आणावयाची, आणि मग दुर्बीण त्याच खुणेवर बसवावयाची. उन्हानें एवढी पोलादी नळीही किंचित् वाकते, म्हणून हें काम पुनःपुन्हा करावें लागतें. तें कंटाळवाणें खरें; पण त्याचें मोल रणांगणावर कळतें. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १९७१ सालीं नगरांत शिक्षण घेत असतां युद्ध आलें, आणि ते आपल्या पूना हॉर्स रिसाल्यांत रुजू झाले. १६ डिसेंबर रोजीं बसंतरच्या लढाईंत शत्रूचे रणगाडे निकामी करीत ते एकविसाव्या वर्षीं धारातीर्थीं पडले. त्यांस मरणोत्तर परमवीरचक्र मिळालें. त्यांचा 'फामागुस्टा' हा सेंचुरियन रणगाडा नगरच्या त्याच संस्थेंत जतन केलेला आहे. शत्रूच्या पॅटन रणगाड्यांत अंतर मोजण्याचें यंत्र अधिक गुंतागुंतीचें होतें. पण यंत्र कितीही शहाणें झालें, तरी जुळविणारा हात आणि पाहणारा डोळा घोटलेलाच लागतो.

आमचा जन्म शाळामास्तरकींत गेला, म्हणून शेवटीं आमच्या धंद्यापुरतें बोलतों. मुलाच्या एका परीक्षेचा कागद हातीं येतांच पुष्कळ घरांत फिरकी फिरूं लागते : शिकवणी बदला, शाळा बदला, विषय बदला. एक कागद ही एक गोळी आहे. चार-पांच कागद शेजारीं मांडून पाहावे. चुका एकाच जागीं पडत असतील, तर मुलाचा हात स्थिर आहे. शिकविण्याची दिशा थोडी वळविली कीं पुरे. चुका सर्वत्र विखुरल्या असतील, तर त्यास आधीं झोप, स्वस्थता आणि सराव द्यावा. आणि गोळी चुकली म्हणून बंदुकीवर कोणी ओरडत नाहीं, हेंही पालकांनीं ध्यानांत ठेवावें.