पुनरुत्थानकाळातील प्रवचने आणि आपले यहुदी बांधव

पुनरुत्थानकाळाच्या पन्नास दिवसांत मिस्साबलिदानातील पहिला शास्त्रपाठ जुन्या कराराऐवजी ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातून घेतला जातो. येशूच्या वधाचा दोष पेत्र यरुशलेमवासीयांच्या पदरी घालतो, ती भाषणे याच काळात आपल्या कानी पडतात. दुसऱ्या रविवारी दरवर्षी योहानकृत शुभवर्तमानाचा विसावा अध्याय वाचला जातो. त्यात शिष्य यहुद्यांच्या भीतीने दारे लावून बसले आहेत. या शास्त्रपाठांवरील प्रवचन ऐकून भाविक कोणती भावना मनात घेऊन घरी जातो, हा प्रश्न आज आम्हांला गंभीर वाटतो.

7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासने इस्राएलवर केलेला हल्ला आणि त्यानंतर गाझात झालेला भीषण संहार यांमुळे जगभर मने पेटली. त्या वणव्यात ‘ख्रिस्ताचे मारेकरी’ हा जुना आरोपही पुन्हा डोके वर काढतो. मध्ययुगीन युरोपात याच आरोपामुळे पवित्र सप्ताहात यहुदी वस्त्यांवर हल्ले होत असत, हा इतिहास विसरता येणार नाही.

ख्रिस्तसभेची भूमिका याबाबत सुस्पष्ट आहे. 1959 साली पोप जॉन तेविसावे यांनी शुभ शुक्रवारच्या प्रार्थनेतील यहुद्यांविषयीचा अवमानकारक शब्द वगळला. 28 ऑक्टोबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात सांगितले, की येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर सरसकट किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येणार नाही. प्रवचन आणि धर्मशिक्षण यांत यहुद्यांविषयी कसे बोलावे, यासंबंधी व्हॅटिकनने 1985 साली खास मार्गदर्शनही केले.

शास्त्रपाठही हेच शिकवतात. बंद दारांआड घाबरून बसलेले शिष्य स्वतः यहुदीच होते. येशू, पवित्र मरिया, पेत्र आणि मरिया माग्दालिया हेही यहुदीच. योहान अनेकदा ‘यहुदी’ हा शब्द येशूला विरोध करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी वापरतो. कृत्यांच्या तिसऱ्या अध्यायात पेत्र श्रोत्यांना बंधू म्हणतो आणि त्यांनी जे केले ते अज्ञानाने केले, असेही सांगतो. स्वतः प्रभूला तीन वेळा नाकारलेला माणूस इतरांना शाप कसा देईल?

महाराष्ट्रात तर हा विषय अगदी उंबरठ्यावरचा आहे. कोकणातील बेने इस्राएल समाज शतकानुशतके आपला शेजारी. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ते ‘शनवार तेली’ ठरले. त्यांची मातृभाषा मराठी. 1948 नंतर पुष्कळजण इस्राएलला गेले, तरी अलिबाग, पनवेल आणि ठाणे येथे त्यांची प्रार्थनामंदिरे आजही उभी आहेत. दुसरीकडे, 1560 साली गोव्यात सुरू झालेल्या धर्मन्यायालयाने यहुदी वंशाच्या ख्रिस्ती कुटुंबांचा छळ केला. वैद्य गार्सिया द ओर्ता यांची हाडेही 1580 साली थडग्यातून उकरून जाळण्यात आली.

आम्ही कोणत्याही राजसत्तेची पाठराखण करीत नाही. 17 जुलै 2025 रोजी इस्राएली तोफगोळा गाझातील पवित्र कुटुंब चर्चवर पडला व तिघांचा बळी गेला, तेव्हा आपलेच बांधव मृत्युमुखी पडले. युद्धाचा निषेध करणे न्याय्यच आहे. पण शासनाच्या कृत्यासाठी संपूर्ण जमातीला दोषी धरणे अन्यायाचे आहे. परकीय राज्यकर्त्यांच्या कृत्यांचा जाब आजच्या भारतीय ख्रिस्ती माणसाला विचारला जातो, तेव्हा तो अन्याय आपल्या जिव्हारी लागतो. मग तोच अन्याय आपल्या प्रवचनपीठावरून इतरांवर व्हावा काय?

धर्मगुरूंनी या शास्त्रपाठांवर प्रवचन करताना खुलाशाची दोन वाक्ये जरूर बोलावीत आणि धर्मशिक्षकांनी ती मुलांपर्यंत पोहोचवावीत. पुनरुत्थित प्रभू बंद दारांतून आत आला, तेव्हा त्याने मारेकऱ्यांची नावे घेतली नाहीत. त्याने आपल्या जखमा दाखवल्या आणि शांती दिली. पुनरुत्थानकाळातील प्रत्येक प्रवचनाने तेच करावे, अशी आमची प्रार्थना आहे.