विश्लेषण : घरच्या शिवणकामासाठी इलेक्ट्रॉनिक मशीन का घ्यावे?

दसरा-दिवाळीच्या सवलतींत मिक्सर आणि ओव्हनच्या शेजारी आता पांढरी, बटणांची शिलाई मशीनही मांडलेली दिसतात. जाहिरातीत पन्नास, शंभर, दोनशे टाक्यांचा गाजावाजा असतो. घरात मात्र त्यातले पाच-सहा टाकेच कामाला येतात. मग जास्तीचे पैसे मोजावेत का? मोजावेत, पण टाक्यांसाठी नाही. वेगावरचा ताबा आणि पायांना मिळणारी सुटका हे या मशीनचे खरे फायदे आहेत. ज्यांना पायमशीन जमत नाही, त्यांच्यासाठी शिवणकामाचे दार त्यामुळेच उघडते.

इलेक्ट्रिक आणि इलेक्ट्रॉनिक यांत फरक काय?

आयझॅक सिंगर यांनी १८५१ मध्ये पेटंट घेतलेल्या मशीनपासून आजच्या काळ्या पायमशीनपर्यंत मूळ तत्त्व फारसे बदललेले नाही. वरचा सुईचा दोरा आणि खालचा बॉबिनचा दोरा कापडात एकमेकांत अडकतात आणि टीप पडते. साध्या इलेक्ट्रिक मशीनमध्ये पायांची जागा मोटर घेते. पण बऱ्याच साध्या मशीनमध्ये पायाखालचे पायडल हळू दाबले की सुईचा जोरही कमी पडतो. जाड शिवणीवर सुई अडते आणि हाताने चाक फिरवावे लागते.

इलेक्ट्रॉनिक मशीनमध्ये मोटरवर सर्किटचे नियंत्रण असते. त्यामुळे वेग अगदी कमी ठेवला तरी सुईचा जोर फारसा घटत नाही. बहुतेक मॉडेलमध्ये कमाल वेग आधीच ठरवून ठेवता येतो. थांबताना सुई कापडात राहावी की वर यावी, हेही बटणाने ठरते. सिंगर कंपनीने १९७५ मध्ये घरगुती वापराचे इलेक्ट्रॉनिक मशीन बाजारात आणले. म्हणजे हे तंत्र नवे नाही. आपल्याकडच्या घरांत ते उशिरा पोचले, एवढेच.

घरच्या कामात त्याचा उपयोग कुठे होतो?

घरचे शिवणकाम बहुतेक वेळा छोटे आणि अडनिडे असते. ब्लाऊज एक बोट सैल करायचा, पॅन्टची उंची कमी करायची, उशीचे अभ्रे शिवायचे, फ्रॉकला गळापट्टी लावायची. अशा कामात वेगापेक्षा अचूकपणा हवा. गळ्याच्या गोलाईवर सुई कापडात रोवून थांबली की कापड सरकत नाही. फूट उचलायचा, कापड वळवायचे आणि पुढची टीप घालायची. नवशिक्यांची टीप वाकडी जाते ती बहुधा याच जागी.

दुसरा उपयोग ताणल्या जाणाऱ्या कापडाचा. टी-शर्ट, लेगिंग यांसारख्या होजिअरीच्या कपड्यांवर साधी सरळ टीप घातली, तर कापड ताणले जाताच दोरा तुटतो. तिथे झिगझॅग किंवा ताण सहन करणारा टाका लागतो. नेहमीच्या काळ्या मशीनवर फक्त सरळ टीप बसते. या कापडासाठी गोल टोकाची सुई घ्यावी लागते, हेही लक्षात ठेवायला हवे.

तिसरा उपयोग काजांचा. बऱ्याच इलेक्ट्रॉनिक मॉडेलमध्ये फुटाच्या खाचेत बटण ठेवले की त्याच मापाचे काज मशीन स्वतः शिवते. एरवी काजे हाताने करा किंवा काज-बटणवाल्याकडे चक्कर मारा, हेच पर्याय असतात.

कुणासाठी हे मशीन जास्त मोलाचे?

पायमशीनला दोन्ही पायांची सतत हालचाल लागते. हातमशीन चालवताना एक हात चाकावर अडकतो आणि कापड सांभाळायला एकच हात उरतो. गुडघे दुखणारी आजी किंवा पायाने अपंग असलेली व्यक्ती यांच्यासाठी ही अट म्हणजे बंद दारच. अनेक इलेक्ट्रॉनिक मशीनवर चालू-बंदचे बटण असते. पायडलची वायर काढून ठेवायची आणि बटण दाबायचे. पाय न लावता शिवता येते आणि दोन्ही हात कापडावर राहतात.

महात्मा गांधींनी १९२४ मध्ये रामचंद्रन या विद्यार्थ्याशी यंत्रांविषयी बोलताना सिंगरच्या शिलाई मशीनचा अपवाद केला होता. ते यंत्र माणसाचे कष्ट वाचवते, त्याला निकामी करत नाही, असा त्यांचा विचार होता. तीच कसोटी आज लावली, तर बटणाचे मशीन चैनीची वस्तू ठरत नाही.

वीजबिल वाढेल का?

घरगुती मशीनला साधारणपणे १०० वॅटपेक्षा कमी वीज पुरते. १०० वॅट धरले तरी सलग दहा तास शिवल्यावर एक युनिट जळते. इस्त्रीला याहून कितीतरी जास्त वीज लागते. विजेचा दाब वरखाली होण्याचा धोका मात्र खरा आहे. त्याने सर्किट बिघडू शकते. काम संपल्यावर प्लग काढून ठेवणे हा साधा उपाय आहे.

मग काळे मशीन मोडीत काढायचे का?

अजिबात नाही. जिथे वीज तासन्‌तास जाते आणि शिलाईवर घर चालते, तिथे पायमशीनच भरवशाचे. ते गावातला मिस्त्री दुरुस्त करतो, त्याचे सुटे भाग तालुक्याला मिळतात आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चालते. इलेक्ट्रॉनिक मशीनचे सर्किट गेले, तर कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागते. जीन्सच्या अनेक पदरांची शिवण किंवा जाड गोधडी रोज शिवायची असेल, तर हलके घरगुती मशीन दमते. मधला मार्गही आहे. काळ्या मशीनला छोटी मोटर आणि पायडल बसवून घेता येते. टीप सरळच राहते, पण पाय मोकळे होतात.

सरकारी योजनांचा याच्याशी काय संबंध?

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण विभागांमार्फतही शिलाई मशीन अनुदानावर दिली जातात. प्रश्न निवडीचा आहे. सर्व लाभार्थींना एकाच साच्याचे मशीन दिले, तर ज्यांना पायडल मारणे शक्य नाही त्यांच्या घरी ते कपडे ठेवायचे टेबल होऊन बसते. अर्जात एक साधा प्रश्न हवा : पायमशीन, मोटरचे की बटणाचे? मशीन किती वाटली यापेक्षा किती चालू आहेत, याला महत्त्व आहे.

खरेदी करताना काय पाहावे?

टाक्यांची यादी बाजूला ठेवावी. घरातलेच चार तुकडे सोबत न्यावेत : सुती, होजिअरी, झुळझुळीत आणि जीन्सची दुमड. दुकानात सर्वांत कमी वेगावर प्रत्येक तुकड्यावर टीप घालून पाहावी. जीन्सवर सुई अडते का, झुळझुळीत कापड गोळा होते का, हे पाच मिनिटांत कळते. बॉबिन आणि सुया जवळच्या दुकानात मिळतात का, दुरुस्ती कोणत्या गावात होते, हे बिल करण्याआधी विचारावे. या प्रश्नांची उत्तरे नीट मिळाली, तर वीस टाक्यांचे मशीनही घराला पुरून उरते. ती मिळाली नाहीत, तर दोनशे टाक्यांचे मशीन माळ्यावरच जाते.