प्रदर्शन अल्पकालीन का असावे?

शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीत बंगळूरबरोबर होसकोटेही होते. म्हणून हे नाव मराठी वाचकाला परके नाही. अशा तालुक्याच्या गावीही संग्रहालयांनी आपली चित्रे न्यावीत, ही अपेक्षा रास्तच आहे. मात्र सभागृह आणि उद्घाटक मिळाले की प्रदर्शन सिद्ध झाले, हा समज घातक होय.

के. वेंकटप्पा (१८८६–१९६५) यांच्या उटकमंडच्या जलरंगचित्रांचेच उदाहरण घ्यावे. असे चित्र हलविण्यापूर्वी त्यावरील प्रत्येक डागाची व सुरकुतीची नोंद करावी लागते. परतल्यावर ती पुन्हा ताडून पाहतात. आम्लरहित पुठ्ठा, काचेची चौकट, स्थिर आर्द्रता हे सारे ओघानेच आले. तैलचित्राला साधारणतः २०० लक्सपर्यंत प्रकाश चालतो, जलरंगाला ५० पुरे. उडालेला रंग परत येत नाही. म्हणूनच काही आठवड्यांनी चित्र पुन्हा अंधारात विसावते.

तेव्हा अल्प मुदत हा संग्रहालयाचा कृपणपणा नव्हे, तो विश्वस्तधर्म आहे. होसकोट्याने चित्रे अवश्य मागावीत. पण त्याआधी त्यांच्यासाठी योग्य दालन सिद्ध करावे. आणि ते सिद्ध करण्यास साहाय्य देणे, हे संग्रहालयांनीही आपले कर्तव्य मानावे.