ट्रॅक्टर शेताचा की रस्त्याचा?




या पानावर मी एरवी बेणे, लागणीची तारीख, खोडव्यातले पाचट आणि हुमणी यांविषयी लिहितो. आजचा विषय त्यात बसत नाही असे कोणी म्हणेल. पण एकरी साठ टन ऊस पिकवला आणि तो कारखान्यापर्यंत आणताना रस्त्यावर कोणाचा जीव गेला, तर त्या ऊसविकासाला काय चाटायचे आहे? म्हणून हे चार शब्द.

झाले असे, की येत्या हंगामाच्या वाहतूक करारांवरून शेतकी कार्यालयात बोलणे निघाले. मी एवढेच म्हणालो, की यंदा करारापूर्वी ट्रॅक्टरबरोबर ट्रेलरही तपासून घ्यावेत. त्यावर एक वाहतूकदार, जे आपले सभासदही आहेत, उसळून म्हणाले, "साहेब, माझ्या ट्रॅक्टरचं पासिंग पंधरा वर्षांचं आहे. सरकार मधे विचारत नाही, मग कारखाना कोण विचारणारा? आणि तिकडं कर्नाटकात जावा, काळं कुत्रंसुद्धा विचारत नाही." शेजारी बसलेले दुसरे सभासद म्हणाले, "माझा मुलगा अमेरिकेत टेक्सास राज्यात असतो. तिथं तर सरकारनं गाड्यांची तपासणीच बंद करून टाकली."

दोघांचेही बोलणे अर्धे खरे आहे. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. आता कागदपत्रे व नियम वाचून उरलेले अर्धे सांगतो.

प्रथम आपल्या देशाचे पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ चा आणि केंद्रीय नियम १९८९ चे. हे दोन्ही सर्व राज्यांना लागू आहेत, कर्नाटकालाही. त्यात गाड्यांचे दोन वर्ग आहेत. भाड्याने माल वा माणसे नेणारी गाडी म्हणजे परिवहन वाहन. तिला योग्यता प्रमाणपत्र लागते. २०१८ साली झालेल्या बदलानुसार गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दोन-दोन वर्षांचे मिळते आणि त्यानंतर दर वर्षी तपासणी होते. दुसरा वर्ग घरच्या मोटारी, मोटारसायकली वगैरेंचा. त्यांची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षे वाढवून मिळते. शेतीचा ट्रॅक्टर केंद्रीय नियमांत या दुसऱ्या वर्गात धरला आहे. म्हणून त्या वाहतूकदाराचे पंधरा वर्षांचे पासिंग खरे आहे.

मग राज्याराज्यांत फरक पडतो कोठे? कायदा एक असला तरी अंमलबजावणी, कर आणि तपासणीची साधने पुष्कळशी राज्यांकडे आहेत. शिवाय न्यायालयांचे आदेशही त्या त्या भागापुरते येतात. दिल्ली व भोवतालच्या राजधानी क्षेत्राचे उदाहरण घ्या. तेथे दहा वर्षांवरील डिझेल गाडी आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाडी रस्त्यावर आणू नये, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. गाडी ठणठणीत असली तरी वय झाले की बाद, असा तो आदेश होता. २०२५ साली या प्रश्नाचा पुन्हा न्यायालयात खल झाला. मेरठ, बागपत, मुझफ्फरनगर हे आपल्यासारखेच उसाचे जिल्हे त्याच क्षेत्रात येतात. आपल्या महाराष्ट्रात असा वयाचा बंधारा घातलेला नाही. येथे जुन्या गाड्यांवर पर्यावरण कर आहे. म्हणजे तीच गाडी एका ठिकाणी बाद, दुसऱ्या ठिकाणी कर भरून चालू.

आपल्या राज्यातही सर्व कार्यालयांत एकसारखी तपासणी होत होती असे नाही. एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले, की ब्रेक तपासायला अडीचशे मीटरचा ट्रॅक हवा, तो नसेल तेथे योग्यता तपासणी नको. त्यामुळे २०१७ साली काही कार्यालयांतील हे काम थांबवावे लागले. आता माणसाच्या नजरेऐवजी यंत्राने तपासणी करणारी स्वयंचलित केंद्रे यावीत, असे नियम केंद्राने २०२१ साली केले. परंतु ती सक्तीची करण्याची तारीख पुढे ढकलावी लागली. मुद्दा असा, की कागद सगळीकडे सारखा दिसला तरी त्यामागची तपासणी सारखी असतेच असे नाही.

आता टेक्सासचे. तेथे १ जानेवारी २०२५ पासून खाजगी मोटारींची सुरक्षा तपासणी बंद झाली, हे खरे. अमेरिकेत हा विषय त्या त्या राज्यावर सोपवलेला आहे. पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया ही राज्ये दर वर्षी तपासणी करतात, काही राज्ये मुळीच करीत नाहीत. पण आपल्या सभासदाच्या मुलाने एक गोष्ट कळवली नसावी. टेक्सासमध्येही धंद्याच्या मालवाहू गाड्यांची तपासणी बंद झालेली नाही. इंग्लंडचे उदाहरण तर आपल्याला अधिकच जवळचे. तेथे शेतात काम करणाऱ्या ट्रॅक्टरला वार्षिक तपासणीतून सूट आहे. पण ताशी चाळीस किलोमीटरहून अधिक वेगाने धावू शकणारा ट्रॅक्टर शेतीबाहेरच्या मालवाहतुकीच्या धंद्याला लावला, तर त्याला २०१८ पासून तपासणी लागते. त्यांनी ट्रॅक्टर कोणत्या कंपनीचा हे विचारले नाही, तो कोणते काम करतो हे विचारले.

म्हणजे पाहा. घरच्या गाडीची तपासणी करावी की नाही, यावर राज्याराज्यांत मतभेद आहेत. दुसऱ्याचा माल ओढणाऱ्या गाडीबद्दल मात्र फारसे मतभेद नाहीत. ती तपासलीच पाहिजे, असेच बहुतेकांचे म्हणणे आहे.

आणि आपला उसाचा ट्रॅक्टर नेमका या दोन्हींच्या मधल्या फटीत सापडला आहे. कागदावर तो शेताचा. काम मात्र मालमोटारीचे! चार-पाच महिने, रात्रंदिवस, भाड्याने. २००५ साली कर्नाटकातीलच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की ट्रॅक्टर व ट्रेलर जोडून माल नेला तर ते मालवाहू वाहन ठरते. तेव्हा "कर्नाटकात कोणी विचारत नाही" हेही पुरते खरे नाही. विचारणारे तेथूनच दिल्लीपर्यंत गेले होते.

कायद्याचे राहू द्या, लोखंडाचे बोलू. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन-सव्वादोन टन. मागे दोन ट्रेलर आणि त्यात वीस टनांच्या आसपास ऊस. बहुतेक ट्रेलरना स्वतःचा ब्रेक नाही. उतारावर ट्रॅक्टर ट्रेलरला थांबवीत नाही, ट्रेलरच ट्रॅक्टरला ढकलतो. दोन ट्रेलरमधली पिन झिजलेली, तिच्या जोडीला साखळी नाही. मागचा दिवा असलाच तर त्यावर उसाचे वाढे लोंबलेले. आपल्या जुन्नर-आंबेगावात रात्री बिबट्या आडवा आला तर त्याचे डोळे तरी चमकतात. बिनदिव्याचा ट्रेलर तेवढाही चमकत नाही.

मी हे पाहिलेले आहे. नोकरीच्या सुरुवातीला दुसऱ्या भागातील एका कारखान्याकडे मी होतो. जानेवारीतली रात्र होती. ओढ्याजवळच्या चढावर एका ट्रॅक्टरची पिन तुटली आणि मागचा ट्रेलर रस्त्यातच बसला. चालकाने पद्धतीप्रमाणे भोवती चार दगड लावले, पुढचा ट्रेलर कारखान्यावर नेला व पिन आणायला गेला. पहाटे एक तरणा पोरगा मोटारसायकलवर दुधाचे कॅन घेऊन डेअरीला निघाला होता. धुके होते. तो सरळ त्या उसात घुसला.

सकाळी मी तेथे गेलो तेव्हा रस्त्यावर दूध सांडून सुकले होते. पोलिसांनी कागद मागितले. ट्रॅक्टरचे सर्व कागद बरोबर होते. एकही चूक नव्हती. ट्रेलरविषयी विचारल्यावर मात्र सगळे एकमेकांकडे पाहू लागले. त्या उसाच्या तोडीचा प्रोग्रॅम माझ्या सहीचा होता. मी ट्रेलरचा मालक नव्हतो, चालक नव्हतो, माझ्यावर काही आले नाही. पण तोडीची तारीख देताना गाडी कोणती येणार हे मी विचारले नव्हते, एवढे खरे. तेव्हापासून मी विचारतो. कोणाला राग आला तरी विचारतो.

ज्यांना हे भावनेचे वाटते त्यांनी हिशोब पाहावा. ट्रॅक्टरचा विमा बहुधा शेतीकामासाठी घेतलेला असतो, ट्रेलरचा वेगळा नोंदवलेलाच नसतो. अपघात झाला की विमा कंपनी म्हणते, गाडी भाड्याने चालत होती, आम्ही बांधील नाही. न्यायाधिकरण कधी कधी कंपनीला आधी भरपाई द्यायला लावते आणि नंतर ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. ती रक्कम म्हणजे हंगामाचे भाडे नव्हे, जमिनीचा तुकडा. आपल्यातले कितीतरी सभासद स्वतः वाहतूकदार आहेत. हे त्यांच्याच हिताचे सांगतो आहे.

आता आक्षेप. पहिला : "तपासणीत गाड्या अडकल्या तर तोडलेला ऊस वाळेल." बरोबर आहे. तोडल्यावर दर दिवसाला वजन घटते, उताराही घटतो, हे मीच तुम्हाला शिवारफेरीत सांगत आलो. म्हणून तपासणी हंगामात नको. मोळी टाकण्यापूर्वी, सप्टेंबर-ऑक्टोबरात करू. दुसरा आक्षेप : "बाहेरच्या गाड्यांचे काय?" यार्डातल्या पाट्या वाचा. आपल्या एमएच १४ शेजारी बीडचा एमएच २३, नगरकडचे एमएच १६ आणि १७ उभे असतात. प्रत्येकाचे कार्यालय वेगळे. पण सर्वांना एक जागा समान आहे, ती म्हणजे आपला वजनकाटा. त्यावरून गेल्याशिवाय एकाही गाडीचे पान हलत नाही. सरकारचा माणूस प्रत्येक रस्त्यावर उभा राहू शकत नाही, आपण मात्र आपल्या काट्यावर उभे राहू शकतो.

तेव्हा माझे म्हणणे असे, आणि ते माझे व्यक्तिगत मत समजावे :

एक. करारात ट्रॅक्टरबरोबर प्रत्येक ट्रेलरचा नंबर व विमा लिहावा. उचलीचा दुसरा हप्ता तपासणी झाल्यावरच द्यावा.

दोन. पिन, साखळी, टायर, चाकाचे नट, ब्रेक, मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर, एवढ्याच सात गोष्टी कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये पाहाव्यात. गाडीमागे अर्ध्या तासाचे काम आहे. बैलगाडीला मोटार कायदा लागू नाही, पण अंधार तिलाही आहे. तिलाही रिफ्लेक्टर लावावा.

तीन. मागे रिफ्लेक्टर लावलेले कापड वाढ्यांच्या वरून बांधल्याशिवाय गाडी काट्यावर घेऊ नये. गाडी बंद पडली तर चालकाने ती सोडून जाऊ नये, निदान एक माणूस बॅटरी घेऊन तेथे थांबावा.

चार. हे सभासदांसाठी. आपल्या फडातून बिनदिव्याची गाडी भरून निघाली तर चिठ्ठी देण्यापूर्वी हटकावे. "माझा ऊस एकदाचा जाऊ दे, मग बघू" असे म्हणू नये. फडाच्या बांधावर तुम्हीच पहिले इन्स्पेक्टर आहात.

यात खर्च नाही असे मी म्हणत नाही. पण एका पिनेची आणि दोन मीटर साखळीची किंमत एका टन उसाच्या भावात सहज बसेल. ज्यांच्याकडे तेही नाही त्यांना कारखान्याने साहित्य द्यावे आणि बिलातून कापून घ्यावे. खते-बेणे आपण तसेच देतो.

टेक्सासने काय करायचे ते टेक्सास ठरवील, दिल्लीने काय करायचे ते दिल्ली. मंचरहून पारगावकडे येणारा रस्ता आपला आहे. त्यावरून पहाटे दूध घेऊन जाणारी पोरे आपली आहेत. सकाळच्या शाळेला सायकलवर जाणाऱ्या मुलीही आपल्याच.

वार्षिक सभेत हा विषय निघाला तर कृपया हात वर करताना याचा विचार करावा. ज्यांना माझे म्हणणे पटत नाही त्यांनी गट कार्यालयात जरूर यावे. चहा पिऊ आणि भांडू.

आपला,
ऊसविकास अधिकारी