मनाची शिदोरी

लांबच्या प्रवासास निघणारा मनुष्य आपली शिदोरी आदल्या रात्रींच बांधून ठेवतो. भूक लागल्यावर रानांत चूल मांडूं, असें कोणी म्हणत नाहीं. मनाच्या बाबतींत मात्र आपण सारेच तहान लागल्यावर विहीर खणणारे! नैराश्यानें मनुष्य एकदां खचला म्हणजे त्यास साधें अंथरूण सोडणें जड जातें; मग उपाय शोधण्याचें बळ तो कोठून आणणार? म्हणून ही शिदोरी बऱ्या दिवसांतच बांधली पाहिजे, असें आमचें मत आहे.

प्रथम एक भेद सांगितला पाहिजे. परीक्षेंत अपयश आलें, मित्राशीं वितुष्ट आलें, तर वाईट वाटतें आणि चार दिवसांनीं तें ओसरतें. हा आजार नव्हे. परंतु दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, बहुतेक रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास राहिलें, आवडत्या गोष्टींतील गोडी गेली, झोंप व भूक बिघडली, आपण कुचकामी आहों हा विचार सुटेना, तर डॉक्टरांकडे गेलें पाहिजे. अशा मनुष्यास 'मन घट्ट कर' म्हणणें हें हिवतापानें कांपणाऱ्यास थंडी आवर म्हणण्यासारखेंच आहे.

आणि हें आम्ही कोणत्या तोंडानें लिहितों? कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या हाताखालीं शिकणारा एक मुलगा हळूहळू मागच्या बाकावर सरकला. त्याच्या वह्या कोऱ्या राहूं लागल्या. आम्हीं त्यास चारचौघांत आळशी म्हटलें, आणि तें एकदांच नव्हे. तो रात्र रात्र जागा असतो, हें त्याच्या आईनें सांगितलें तेव्हां आम्हांस कळलें. पुढें उपचारांनीं तो सावरला व भेटावयास आला, तेव्हां त्याच्या खिशांत घडी घातलेला एक कागद होता. बरें वाटूं लागल्यावर त्यानें तो स्वतःच्या हातानें लिहिला होता. वर धोक्याच्या खुणा: अंघोळ टाळतों, मित्रांचे फोन घेत नाहीं. त्याखालीं मामाचें व एका मित्राचें नांव. मग बारीकसारीक कामें: तोंड धुणें, कुंड्यांना पाणी घालणें, नाक्यापर्यंत चालून येणें. शेवटीं डॉक्टरांचा क्रमांक.

हीं कामें क्षुल्लक वाटतात खरीं; पण मर्म त्यांतच आहे. इच्छा झाली म्हणजे करूं, हा नेहमींचा क्रम येथें चालत नाहीं, कारण इच्छाच आटलेली असते. आधीं कृति, मग इच्छा. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनीं १९७० च्या दशकांत याच दिशेनें उपचार मांडले. आत्मघाताचे विचार येणाऱ्यांसाठीं बार्बरा स्टॅनले व ग्रेगरी ब्राउन यांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेली योजनाहि अशीच लेखी असते: खुणा, स्वतःचे उपाय, माणसें, डॉक्टर, आणि घातक वस्तु दूर ठेवणें.

हल्लीं शहरांत या शिदोरीच्या नांवावर सुगंधी मेणबत्त्या विकतात. असोत बापड्या! पण माणसाच्या नांवावांचून ही शिदोरी रिकामीच, असें आम्ही म्हणूं. ज्यांस कोणी नाहीं, किंवा घरीं बोलतां येत नाहीं, त्यांनीं १४४१६ हा क्रमांक लिहावा. 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू झाली. ती अहोरात्र व विनामूल्य चालते आणि तेथें मराठींत बोलतां येतें. कागद हा औषधाच्या जागीं नव्हे, हेंहि सांगितलें पाहिजे. गोळ्यांचा गुण यावयास बहुधा कांहीं आठवडे लागतात, व त्या आपल्या मनानें बंद करूं नयेत.

त्या मुलाचा कागद पाहिल्यावर आम्हींहि एक लिहावयास घेतला. चालणें, बागेंतलें काम, हें झरझर लिहून झालें. नांवांच्या ओळीपाशीं मात्र लेखणी बराच वेळ अडली. शेवटीं एका जुन्या स्नेह्याचें नांव घातलें, आणि त्यास तसें पत्र लिहून कळविलें.